आज्ञावलीचा तपासनीस

बडोद्याच्या जुन्या घरांतून जिन्याखाली किंवा ओटीच्या भिंतीवर विजेचा मीटर बसवलेला असे. काचेआडची त्याची चकती फिरताना पाहण्यात कित्येकांचे बालपण गेले. चकती फार वेगाने फिरू लागली की घरातील वडील माणूस उठून एखाद्या खोलीतला दिवा बंद करी. तो मीटर नेमका कसा चालतो हे सर्वांना ठाऊक होते असे नाही. परंतु फिरणारी वस्तू डोळ्यांना दिसत होती, आणि भरवसा ठेवण्यास तेवढे पुरे होते.

मे २०२४ मध्ये त्याच बडोद्यात मीटरवरून मोठा गदारोळ झाला. मध्य गुजरात वीज कंपनीने शहरात नव्या पद्धतीचे, आगाऊ पैसे भरून चालणारे स्मार्ट मीटर बसवण्यास आरंभ केला होता. दोन महिन्यांनी येणाऱ्या बिलाची सवय असलेल्या गृहस्थाला भरलेली रक्कम दिवसेंदिवस घटताना दिसू लागली, आणि वीज पूर्वीपेक्षा महाग पडते आहे अशी तक्रार घेऊन लोक वीज कचेऱ्यांवर गेले. स्त्रियांचा पुढाकार त्यात लक्षणीय होता. अखेर घरगुती ग्राहकांकडील काम काही काळ थांबवावे लागले, आणि शंकेचे निरसन व्हावे म्हणून नव्या मीटरच्या शेजारी दुसरा मीटर तुलनेसाठी लावण्याचा तोडगा काढण्यात आला.

तोडगा समंजस होता. दोन तराजूंत एकच माल तोलून पाहावा, हा व्यवहार बाजारात सर्वांना कळतो. परंतु शेजारी ठेवलेला मीटर एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: मोजमाप बरोबर आहे की नाही. नवा मीटर केवळ मोजत नाही. तो दुरून आलेला निरोप ऐकतो, दूरवर निरोप धाडतो, आणि तसा हुकूम मिळाल्यास घरातली वीज तोडतो. हे सारे करण्यासाठी त्याच्या पोटात एक लेखी हुकूमनामा असतो, ज्याला संगणकाच्या परिभाषेत प्रोग्राम आणि मराठीत आज्ञावली म्हणतात. त्या हुकूमनाम्यात जर एखादी फट राहिली असेल, तर ती शेजारच्या मीटरला दिसणार नाही. तिच्यातून शिरणारा परका माणूस हुकूम देऊ लागला, तर मीटर तो हुकूम मालकाचाच समजून निमूटपणे पाळील.

ही भीती केवळ कल्पनेतली नाही. १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन जन्माष्टमीच्या सुमारास, उत्तर प्रदेशात सुमारे दीड लाख घरांची वीज एकाएकी गेली. तारा तुटल्या नव्हत्या की वादळ झाले नव्हते. स्मार्ट मीटरांना चुकीचा हुकूम गेला होता. तो चुकून गेला होता. तोच कोणी मुद्दाम धाडला तर काय होईल, याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या योजनेत देशभर २५ कोटी असे मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे.

तेव्हा प्रश्न असा की मीटरच्या, बँकेच्या, रेल्वेच्या तिकिटांच्या या आज्ञावल्या वाचून कोण पाहतो?

एखाद्या मध्यम आकाराच्या व्यवहाराची आज्ञावली सहज लाखभर ओळींची असते. पत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला ठाऊक असते की पहिल्या वीस उत्तरपत्रिका ज्या बारकाईने वाचल्या जातात, त्या बारकाईने शेवटच्या वीस वाचल्या जात नाहीत. डोळा थकतो, आणि थकलेला डोळा जे असायला हवे तेच वाचतो, जे लिहिले आहे ते वाचत नाही. शिवाय उत्तरपत्रिकेतील चूक तिच्याच पानावर असते. आज्ञावलीतील चूक पुष्कळदा दोन ओळींच्या नात्यात दडलेली असते, आणि त्या दोन ओळींत दहा हजार ओळींचे अंतर असू शकते. प्रत्येक ओळ वेगळी वाचली तर दोन्ही निर्दोष असतात.

म्हणून आज्ञावल्या वाचण्यासाठी आज्ञावल्याच लिहिण्यात आल्या. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास 'लिंट' नावाचा असा एक तपासनीस तयार केला. लिंट म्हणजे कपड्यावर चिकटून राहणारे बारीक तंतू. कापड फाटलेले नसते, वापरण्याजोगे असते. परंतु हे तंतू झटकले नाहीत तर ते नीटनेटके दिसत नाही. आरंभीची महत्त्वाकांक्षा एवढीच होती, हे त्या नावावरूनच ध्यानात येईल. चोरांची भीती तेव्हा कोणाच्या मनात नव्हती.

ती शिरली १९८८ च्या नोव्हेंबरात. रॉबर्ट मॉरिस नावाच्या एका विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटवर एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत गेला, आणि सुमारे सहा हजार संगणक त्याने जेरीस आणले असा तेव्हाचा अंदाज होता. तो ज्या वाटांनी आत शिरला, त्यांपैकी एक फारच शिकवण्यासारखी आहे. एका प्रोग्रामने बाहेरून येणारा मजकूर ठेवण्यासाठी ५१२ अक्षरांची पेटी राखून ठेवली होती. येणारा मजकूर त्या पेटीत मावतो की नाही, हे मोजण्याची तसदी मात्र त्याने घेतली नव्हती. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ अक्षरे पाठवली. जास्तीची अक्षरे पेटीबाहेर सांडली, आणि शेजारीच पुढचा हुकूम कोठून घ्यावयाचा याची जी नोंद होती, तिच्यावर जाऊन बसली. घरमालकाने पाहुण्याला बसायला पाट दिला, आणि पाहुणा पसरत पसरत तिजोरीच्या किल्ल्यांवर जाऊन बसला, असाच हा प्रकार. जी आज्ञा वापरल्यामुळे हे घडले ती 'सी' या संगणकभाषेच्या प्रमाणातून काढून टाकली जाण्यास २०११ साल उजाडावे लागले.

ही असली चूक यंत्र चटकन धरते. धोकादायक आज्ञांची यादी त्याच्यापाशी असते, आणि कंटाळा त्याला येत नाही. आज्ञावलीत लिहून ठेवलेल्या किल्ल्या आणि परवलीचे शब्दही ते हुडकून काढते. उंबऱ्याखाली किल्ली ठेवून गावाला जाणारी माणसे संगणकाच्या क्षेत्रातही पुष्कळ आहेत. २०१४ साली स्पेनमध्ये दोन संशोधकांनी तेथील घरोघरच्या स्मार्ट मीटरांपैकी काही उघडून त्यांच्यातील आज्ञावली वाचली, तेव्हा संदेश गुप्त ठेवण्याच्या किल्ल्या त्यांना नीट न झाकलेल्या अशा आढळल्या. त्या हाती आल्या म्हणजे बिल कमी दाखवता येते, आणि वीजही तोडता येते, असे त्यांनी जाहीर केले. मीटर कारखान्यातून बाहेर पडण्याआधी त्याची आज्ञावली एखाद्या साध्या तपासनीसापुढे ठेवली असती, तर निदान एवढी गोष्ट तरी डोळ्यांत भरली असती.

पण यादी पाहून चोर ओळखणे हा या यंत्रांचा प्राथमिक धडा झाला. त्यांची खरी करामत निराळीच आहे, आणि ती समजण्यास मराठी माणसाला विशेष सायास पडू नयेत. जुन्या स्वयंपाकघरात सोवळ्याओवळ्याचा दंडक असे. ओवळ्याचा स्पर्श ज्याला झाला ते ओवळे, आणि त्याचा स्पर्श ज्याला झाला तेही ओवळे. धुऊन शुद्ध केल्याखेरीज ते देवघरात जात नसे. माणसामाणसांत हा दंडक पाळून समाजाने आपले जे अहित करून घेतले ते सर्वांना ठाऊकच आहे. माहितीच्या बाबतीत मात्र तो कसोशीने पाळावा लागतो. बाहेरच्या माणसाने भरलेला प्रत्येक शब्द तपासनीस ओवळा मानतो. तो शब्द कोठे कोठे नकलला गेला, कशात मिसळला, कोणत्या नावाने पुढे गेला, याचा माग तो हजारो ओळींमधून काढीत जातो, आणि मध्ये कोठेही न धुता तो शब्द एखाद्या नाजूक जागी पोहोचला, म्हणजे तेथे तांबडी खूण करतो.

एक उदाहरण घेऊ. परीक्षेचा निकाल संगणकावर पाहण्याची सोय असते. विद्यार्थ्याने बैठक क्रमांक टाकावयाचा. मग आज्ञावली एक वाक्य जुळवते, की ज्याचा क्रमांक अमुक आहे त्याचे गुण दाखव, आणि ते वाक्य माहितीच्या कोठाराकडे धाडते. आता एखाद्या खट्याळाने क्रमांकाच्या जागी असे लिहिले की 'एकशे एक असेल, किंवा एक बरोबर एक असेल'. वाक्य जुळले: ज्याचा क्रमांक एकशे एक असेल, किंवा एक बरोबर एक असेल, त्याचे गुण दाखव. एक बरोबर एक हे तर सदासर्वदा खरेच. कोठार इमानाने साऱ्या विद्यार्थ्यांचे गुण समोर ठेवते. विद्यार्थ्याने लिहिले ते उत्तर होते. आज्ञावलीने ते हुकूम म्हणून वाचले. बँकांत, दवाखान्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत याच एका गफलतीपायी जगभर आजवर किती माहिती चोरीस गेली असेल याची गणती नाही. ओवळ्याचा माग काढणारा तपासनीस अशी जागा बहुधा क्षणार्धात दाखवतो.

दुसऱ्या जातीचे तपासनीस आज्ञावली वाचीत बसत नाहीत. ते तिला चालवून छळतात. या युक्तीचा जन्म मोठा मौजेचा आहे. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाचे बार्टन मिलर वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. तारेतील खरखरीमुळे भलतीच अक्षरे मध्ये घुसत होती, आणि त्यांनी चांगले चांगले प्रोग्राम कोसळत होते. दुसरा असता तर वैतागून झोपला असता. मिलर यांनी ही खरखर मुद्दाम निर्माण करण्याचे काम विद्यार्थ्यांना नेमून दिले. नेहमीच्या वापरातील प्रोग्रामांपैकी चौथाई ते तिसरा हिस्सा अशा निरर्थक माऱ्याखाली कोलमडला.

या विद्येला महाराष्ट्रातही घर मिळालेले आहे. पुण्यास १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन व विकास केंद्रात मोटारी आणि यंत्रे यांच्या आत बसवल्या जाणाऱ्या आज्ञावल्या तपासण्याची साधने कित्येक वर्षे घडवली जात आली आहेत. मोटारीच्या ब्रेकची आज्ञावली कोणत्याही परिस्थितीत शून्याने भागाकार करू लागणार नाही ना, पेटीबाहेर हात घालणार नाही ना, असे प्रश्न ती साधने सोडवतात. येथील संशोधकांचे 'व्हेरिअ‍ॅब्स' हे साधन २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय आज्ञावली-पडताळणी स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले. क्रिकेटच्या संघात निवडलेल्या पुणेकर मुलाचे नाव ज्या तत्परतेने छापले जाते, त्या तत्परतेने ही बातमी छापली गेल्याचे फारसे कोणाला स्मरणार नाही.

येथवर ऐकून असे वाटण्याचा संभव आहे की, मग सर्व आज्ञावल्या या यंत्राखालून काढाव्या आणि निश्चिंत व्हावे. तसे होण्याला एक अडचण आहे, आणि ती कारागिरीची नाही. ती गणिताची आहे. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केले की, कोणतीही आज्ञावली दिली असता ती कधीतरी थांबेल की चालतच राहील, हे खात्रीने सांगणारी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही. १९५३ साली हेन्री राइस यांनी तोच विचार पुढे नेला: आज्ञावलीच्या वागणुकीविषयी विचारण्याजोगा जवळजवळ कोणताही प्रश्न सर्व आज्ञावल्यांसाठी अचूक सोडवील असे यंत्र संभवत नाही. म्हणजे पुढील शंभर वर्षांत कितीही प्रगत तपासनीस निघाला, तरी तो दोहोंपैकी एक दोष पत्करूनच जन्माला येईल. एकतर तो निष्कारण ओरडेल, किंवा ओरडायला हवे तेथे गप्प राहील. बहुतेक यंत्रे दोन्ही थोडे थोडे करतात.

गप्प राहण्याचे उदाहरण एप्रिल २०१४ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. इंटरनेटवरील गुप्त संभाषणासाठी असंख्य बँका आणि कचेऱ्या 'ओपनएसएसएल' नावाची आज्ञावली वापरतात. तिच्यात एक साधा शिष्टाचार होता. पलीकडचा विचारतो, जागा आहेस ना? असशील तर हा शब्द परत म्हणून दाखव, आणि शब्द इतक्या अक्षरांचा आहे. सांगितलेली अक्षरसंख्या खरी आहे का, हे पाहावयाचे मात्र राहून गेले होते. कोणी एक अक्षर देऊन चौसष्ट हजार अक्षरे परत मागितली, तर ते अक्षर आणि त्याच्या शेजारी संगणकाच्या स्मरणात जे काही पडले असेल ते सारे, परवलीच्या शब्दांसकट, हाती देण्यात येई. ही फट दोन वर्षे उघडी होती. 'हार्टब्लीड' या नावाने ती कुप्रसिद्ध झाली.

ती आज्ञावली सर्वांना वाचावयास खुली होती, आणि तपासणीची नामवंत यंत्रे तेव्हा उपलब्ध होती. कव्हरिटी नावाच्या प्रख्यात तपासनीसालाही ती दिसली नाही. गूगलमधील नील मेहता आणि फिनलंडच्या कोडनॉमिकॉन या कंपनीतील मंडळी यांना ती स्वतंत्रपणे सापडली. यंत्राला ती का दिसली नाही? कारण तो शब्द बाहेरून आला आहे, म्हणजे ओवळा आहे, हेच त्याला उमगले नव्हते. वाट इतकी वाकडी होती की माग मध्येच तुटला. फट उघडकीस आल्यावर कव्हरिटीच्या कर्त्यांनी एक मार्मिक खूण शोधून काढली. परक्या यंत्राकडून आलेल्या संख्येतील अंकांचा क्रम पुष्कळदा उलटवून घ्यावा लागतो. तेव्हा जेथे कोठे असे उलटवणे दिसेल, तेथील संख्या बाहेरची समजावी. ही युक्ती शिकवताच यंत्राने तीच फट बिनचूक दाखवली. विद्यार्थी मंद नव्हता. तो धडा त्याला कोणी दिलेला नव्हता.

निष्कारण ओरडण्याचा दोष वरवर निरुपद्रवी भासतो. प्रत्यक्षात तो कमी घातक नाही. तपासनीसाने पाचशे तांबड्या खुणा केल्या, आणि पहिल्या पन्नासांपैकी पंचेचाळीस खोट्या निघाल्या, तर एक्कावन्नावी खूण कोणता अभियंता मन लावून पाहील? वाघ आला रे आला, ही गोष्ट शाळेत सर्वांनी वाचलेली असते. पुष्कळ ठिकाणी पुढे असे होते की यंत्र चालवले जाते, अहवाल छापला जातो, फायलीला लावला जातो, आणि तेथेच त्याची इतिश्री होते. तपासणी झाल्याची नोंद होते. वाचन होत नाही.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे नवे तपासनीस आले आहेत. नियमांची यादी न देता, अफाट मजकूर वाचून तयार झालेली ही यंत्रे आज्ञावलीविषयी माणसासारखी चर्चा करतात. गूगलच्या अशा एका यंत्राने 'एसक्यूलाइट' या जगभर वापरल्या जाणाऱ्या माहिती-कोठाराच्या आज्ञावलीतील एक खरी फट, नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधीच पकडली. हे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. कौतुक करावे असेच ते आहे. परंतु याच सुमाराला स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग दुसरीच कर्मकथा सांगत होते. 'कर्ल' नावाची, असंख्य उपकरणांत असलेली आज्ञावली ते थोड्या सहकाऱ्यांनिशी सांभाळतात. तिच्यातील दोष दाखवणाऱ्याला बक्षीस मिळत असे. त्या आशेने लोक यंत्राकडून अहवाल लिहवून घेऊन, स्वतः न वाचता, पाठवू लागले. भाषा सफाईदार, मांडणी विद्वत्तेची, आणि दोष अस्तित्वातच नाही! असा प्रत्येक अहवाल खोटा आहे हे ठरवण्यात जाणत्या माणसांचे तासचे तास खर्ची पडत. जुलै २०२५ मध्ये त्यांनी याबद्दल उघडपणे संताप व्यक्त केला.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात एका संशोधकाने त्यांना अशाच यंत्रांच्या साहाय्याने काढलेली एक लांबलचक यादी पाठवली. ती मात्र त्यांना अतिशय उपयोगी वाटली. तिच्यातील कित्येक चुका खऱ्या होत्या, आणि त्या दुरुस्त झाल्या. यंत्राची जात तीच होती. फरक एवढाच की पाठवण्यापूर्वी ती यादी एका जाणत्या माणसाने वाचली होती. या एका वर्षातील या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे यंत्राच्या गुणदोषांविषयीच्या पुष्कळशा वादांची गरज उरत नाही.

यंत्राला न दिसणारी आणखी एक गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत अवघड आहे. निकालाच्या त्याच खिडकीकडे पुन्हा पाहू. समजा तेथे अक्षर न् अक्षर धुऊन घेतले जाते. हुकूम मिसळण्यास जागा नाही. आता एकशे एक क्रमांकाचा विद्यार्थी सरळ एकशे दोन हा आकडा टाकतो, आणि शेजारच्या मुलाचे गुण त्याला दिसतात. आज्ञावलीने सांगितलेले काम चोख केले. तपासनीस एकही तांबडी खूण करणार नाही. एकाचे गुण दुसऱ्याने पाहणे योग्य की अयोग्य, हे आज्ञावलीत कोठेच लिहिलेले नाही. ते शाळेच्या रीतिरिवाजात लिहिलेले असते, आणि तो रिवाज यंत्राला कोणी सांगितलेला नसतो.

बडोद्याच्या माणसाला याचा दाखला घरातच सापडेल. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली याच शहरात स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदाला रिझर्व्ह बँकेने १० ऑक्टोबर २०२३ रोजी मनाई केली, की 'बॉब वर्ल्ड' या मोबाइलवरील सोयीत नवे ग्राहक घेऊ नयेत. ग्राहक ज्या रीतीने त्या सोयीत दाखल करून घेतले जात होते, तिच्याविषयी गंभीर आक्षेप आढळले, असे कारण देण्यात आले होते. सुधारणा झाल्यावर ८ मे २०२४ रोजी मनाई उठली. रिझर्व्ह बँकेचा आक्षेप माणसे दाखल करून घेण्याच्या रीतीवर होता, हे शब्द येथे महत्त्वाचे. आज्ञावली वाचणाऱ्या कोणत्याही यंत्रापुढे तो प्रश्न आलाच नसता. तो कचेरीत जाऊन, कागद पाहून, माणसांना विचारून काढावा लागतो.

सरकारचे या विषयाकडे लक्ष नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'सर्ट-इन' ही केंद्रीय संस्था २००४ पासून संगणकावरील हल्ल्यांची दखल घेत आहे, मान्यताप्राप्त तपासनीसांची यादी ठेवते, आणि जुलै २०२५ मध्ये तिने तपासणीविषयी विस्तृत मार्गदर्शक सूचना काढून ती वर्षातून निदान एकदा तरी व्हावी असे म्हटले आहे. वीज क्षेत्रासाठी केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२१ च्या सूचना वेगळ्या आहेत. वर्षातून एकदा ही मुदत हिशेबाच्या वह्यांना शोभते. आज्ञावली मात्र आठवड्याला बदलते, आणि म्हणून जेथे हे काम कळकळीने चालते, तेथे प्रत्येक बदल आत घेतानाच यंत्र तो वाचते आणि खूण असेल तर दार अडवते. दार पुन्हा उघडण्यासाठी कोणा तरी नावानिशी ओळखता येणाऱ्या माणसाला ती खूण वाचून, ती खरी की खोटी हे लिहून, खाली सही करावी लागते. सारी मेख त्या सहीत आहे. हिशेबतपासनिसाची सही नसलेला ताळेबंद कोणी वाचीत नाही. यंत्राने छापलेला निनावी अहवाल मात्र सर्वत्र प्रमाण म्हणून चालतो, हे नवलच म्हणावयाचे.

बडोदे हे विजेच्या सामानाचे गाव आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या विद्युत संशोधन व विकास संघटनेच्या प्रयोगशाळा शहराच्या मकरपुरा भागात आहेत. 'एर्डा' या नावाने त्या ओळखल्या जातात. देशभरच्या कारखान्यांतील ट्रान्सफॉर्मर, केबली आणि मीटर तेथे चाचणीसाठी येतात, तापवले जातात, त्यांवर विजेचे धक्के देऊन पाहिले जातात, आणि मग त्यांना दाखला मिळतो. तांब्याची तार एकदा तपासली की ती तीच राहते. नव्या मीटरची गोष्ट निराळी आहे. भिंतीवर बसल्यानंतरही त्याची आज्ञावली दुरून, घरातील कोणाच्या नकळत, बदलता येते. तशी सोय त्यात हेतुपुरस्सर ठेवलेली असते, कारण तिच्यावाचून सापडलेली फट बुजवता येणार नाही. म्हणजे दाखला ज्या आज्ञावलीला मिळाला ती, आणि आज भिंतीवर चालू असलेली, या दोन निराळ्या असू शकतात.

बडोद्याच्या गृहिणीने मे २०२४ मध्ये दुसरा मीटर शेजारी लावून मागितला. तो तिचा हक्क होता आणि तिला तो कळला होता. तिच्या मीटरमध्ये आज कोणत्या तारखेची आज्ञावली चालू आहे, ती कोणत्या तपासनीसाने वाचली, किती खुणा निघाल्या, आणि त्या निकालात काढून खाली सही कोणी केली, या चार गोष्टी विजेच्या बिलाच्या पाठीवर चार ओळींत छापता येतील. तेथे आज पुष्कळ जागा कोरी असते.